अंगणात बसून गायलेलं



आज मी कोल्हापूरजवळच्या बावड्यात तुमच्यापुढे जमैकातल्या काही म्हाताऱ्या गायकांविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी एवढंच विचारलं, की गाणी ऐकवायची सोय करायची का? मी नको म्हणालो. इथे स्पीकर लावून ऐकवण्यापेक्षा त्या गाण्यांबद्दल बोलावं आणि तुम्ही ती घरी जाऊन निवांत ऐकावीत, असं मला वाटलं. का वाटलं, ते पुढे येईलच. मी ध्वनिमुद्रणाचं काम करणारा माणूस आहे. त्यामुळे माझं बोलणं मायक, भिंती आणि आवाज यांच्या अंगाने जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. क्षेत्रफळ अकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती साधारण २८ लाख. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांवर गेली होती. म्हणजे तो अख्खा देश माणसांच्या हिशेबात आपल्या जिल्ह्याहून लहान. आणि त्या देशाच्या इतिहासाच्या मुळाशी काय आहे? ऊस. राजाराम कारखान्याच्या गाळपाचा वास ज्यांच्या लहानपणात आहे, त्यांना ऊस काय मागतो हे सांगायला नको. पाणी मागतो आणि माणसं मागतो. जमैकाच्या उसाला माणसं पुरवली गेली ती आफ्रिकेतून, बेड्या घालून. १८३८ मध्ये ती गुलामगिरी पुरती संपली, तेव्हा मळेवाल्यांनी दुसरीकडे हात घातला. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ नावाचं जहाज हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर घेऊन तिथल्या किनाऱ्याला लागलं. पुढच्या सत्तरेक वर्षांत छत्तीस हजारांहून अधिक लोक असे गेले. ते बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले होते, भोजपुरी-अवधी बोलणारे. पण उसाच्या सरीत वाकलेली पाठ कोणत्या भाषेची, याला फार अर्थ नसतो.

हा देश ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला आणि पाच-सहा वर्षांतच त्याने जगाला स्वतःचं संगीत दिलं. ते रेगे. १९६८ मध्ये टूट्स अँड द मेटल्स या मंडळींच्या गाण्यातून हे नाव तबकडीवर आलं. ५० वर्षांनी, २०१८ मध्ये, युनेस्कोने ते मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवलं. बॉब मार्ले हे नाव तुम्हाला माहीत आहे. गोव्याहून परतणाऱ्या पोरांच्या टी-शर्टवर त्याचा चेहरा असतो. पण मार्ले १९८१ मध्ये, ३६ वर्षांचा असताना गेला. आज मला बोलायचंय ते त्याच्याबरोबरीच्या, त्याच्यामागे उरलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या गायकांबद्दल.

त्याआधी या गाण्याची चाल थोडी समजून घेऊ. चार मात्रा धरा. आपण पहिल्या मात्रेवर टाळी देतो, तिथे सम असते, तिथेच सगळे एकत्र येतात. रेगेतला ड्रमवाला ती पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि तिसरीवर ठोका देतो. गिटार दुसरी आणि चौथी मात्रा धरते, तोही झणका लांबवत नाही, लगेच बोटाने दाबून तोडते. या सगळ्याखालून जाड तारांची बास गिटार स्वतंत्र सुरावट वाजवत चालते. पहिल्या मात्रेवर पाय पडायची सवय असलेल्या आपल्या कानाला आधी अधांतरी वाटतं. मग तेच अधांतर आवडायला लागतं.

आता मूळ हकिगत.

किंग्स्टन ही जमैकाची राजधानी. तिथे अर्ल ‘चिना’ स्मिथ नावाचे गिटारवादक आहेत. मार्लेच्या १९७६ च्या ‘रास्तामॅन व्हायब्रेशन’ या अल्बमवर त्यांची गिटार आहे. शिवाय त्या काळातल्या किती गायकांच्या किती तबकड्यांवर आहे, त्याची मोजदाद अवघड. त्यांच्या घराच्या अंगणात वादक-गायकांचा राबता असायचा. येणाऱ्याने बसावं, ढोल ओढावा, गावं. २००० नंतरच्या दशकात माकासाउंड नावाच्या एका छोट्या फ्रेंच कंपनीने याच अंगणात मायक लावले. विजेची गिटार नाही, कीबोर्ड नाही, ड्रमसेट नाही. लाकडी गिटारी, हाताने वाजवायचे ढोल आणि गळे. ‘इना दे यार्ड’, म्हणजे अंगणात, या नावाने एकामागून एक अल्बम निघाले. एकेक गायक येऊन बसला आणि त्याने आपली तीस-तीस वर्षांपूर्वीची गाणी पुन्हा गायली.

पुढे ती कंपनी बंद पडली, पण कल्पना बंद पडली नाही. किंग्स्टनच्या वर डोंगरात एका जुन्या घराच्या व्हरांड्यात मंडळी पुन्हा जमली. त्यातून २०१७ मध्ये ‘द सोल ऑफ जमैका’ हा अल्बम आला. २०१९ मध्ये दुसरा आला आणि त्याच वर्षी पीटर वेबर या दिग्दर्शकाने या सगळ्यांवर केलेला चित्रपटही. केन बूथ, सेड्रिक मायटन, विन्स्टन मॅकअनफ, किडस आय, मार्लेच्या मागे गाणाऱ्या तिघींपैकी एक असलेल्या जूडी मोवॅट. आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या नातवंडांच्या वयाची काही पोरं.

इथे कुणी म्हणेल, त्यात विशेष काय? म्हातारपणी जुनी गाणी सगळेच गातात. रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी कार्यक्रम आपल्याकडेही होतात. मग मी त्या अंगणाला एवढं महत्त्व का देतो?

कारण ते अंगण कुठे आहे ते बघा. ज्या शहराने जगाला स्पीकरच्या भिंती उभ्या करायला शिकवलं, त्या शहरात ते आहे. १९५० च्या दशकात किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांना वाद्यवृंद परवडत नव्हता. तेव्हा ड्यूक रीड, कॉक्सन डॉड अशा माणसांनी कपाटाएवढाले स्पीकर बनवून घेतले, ते ट्रकवर लादले, मोकळ्या मैदानात एकावर एक रचले आणि अमेरिकन तबकड्या वाजवून तिकीट लावून नाच भरवले. त्यांची आपसात स्पर्धा. कुणाचा बास जास्त हादरवतो? कुणाचा आवाज शेजारच्या गल्लीतली गर्दी खेचून आणतो? तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता काय आलं, ते मला ठाऊक आहे. डॉल्बी. गणपतीच्या मिरवणुकीतली आपली डॉल्बी. तिचे पूर्वज किंग्स्टनमध्ये सापडतात.

मी डॉल्बीला शिव्या देणाऱ्यांतला नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्याला कधी कुणी ऐकून घेतलं नाही, त्याला आपला आवाज गावभर जावा असं वाटणं मला समजतं. जमैकात त्या स्पीकरच्या भिंतींमधूनच धंदा उभा राहिला. तबकड्या वाजवणाऱ्यांनी तबकड्या बनवायला घेतल्या. कॉक्सन डॉड यांनी १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ काढला आणि वस्तीतली पोरं आपापली गाणी घेऊन त्याच्या दारात उभी राहू लागली. विजेने त्या पोरांना आवाज दिला. माझं म्हणणं एवढंच आहे, की वीज काढून घेतली तर गाणं उभं राहतं का, हेही कधीतरी पाहिलं पाहिजे. त्या म्हाताऱ्यांनी ते पाहिलं. जिथे स्पीकर सगळ्यात मोठे, तिथल्या माणसांनी तारा काढल्या.

आणि तारा काढल्यावर हाती काय लागलं? ढोल. तिथे रास्ताफारी पंथाच्या लोकांचं न्याबिंगी नावाचं ढोलवादन आहे. तीन ढोल असतात. एक मोठा, काठीने वाजवायचा, खर्जाचा. दुसरा फुंडे, तो आपला ठेका शेवटपर्यंत सोडत नाही. तिसरा रिपीटर, उंच आवाजाचा. तो बोलतो, अडवतो, उत्तर देतो. १९६० मध्ये काउंट ऑसी यांनी हे ढोल एका तबकडीवर आणले. तोपर्यंत रास्ता लोकांना सभ्य समाज दारात उभं करत नव्हता. म्हणजे रेगेच्या अंगात जे रक्त होतं, ते या ढोलांचं होतं. विजेच्या वाद्यांनी ते झाकलं होतं. अंगणात ते पुन्हा समोर आलं.

तीन वाद्यांचं हे नातं आपल्याला परकं नाही. हलगी, घुमकं, कैताळ. मिरवणूक निघायच्या आधी हलगीवाला कोपऱ्यात कागद-पाचट पेटवतो आणि हलगी त्यावर धरून फिरवतो, हे तुम्ही पाहिलंय. कातडं तापतं, ताणतं. मग तो बोटाने एक टिचकी मारून ऐकतो. आवाज बसका आला की पुन्हा धरतो. ती टिचकी मी फार जवळून ऐकली आहे. ती ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, ते स्टुडिओतल्या कुठल्याही तंत्रज्ञाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही. हलगीवाला हवेशी बोलत असतो. पावसाळ्यात हलगी वेगळी वाजते, मे महिन्यात वेगळी. उघड्यावरच्या संगीताला ऋतू असतो.

आता मायकवाल्याच्या नजरेने थोडं. स्टुडिओत आपण काय करतो? गायकाला काचेआड उभं करतो, कानावर हेडफोन. ढोलवाला दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या दिवशी. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र घेतो, म्हणजे चूक झाली तर तेवढीच दुरुस्त करता येते. सोयीचं आहे. अंगणात हे चालत नाही. गायकाच्या मायकमध्ये ढोल शिरतो, ढोलाच्या मायकमध्ये गायक शिरतो. एकाची चूक ती सगळ्यांची. पुन्हा घ्यायचं तर सगळ्यांनी पुन्हा. मग माणसं काय करतात? एकमेकांकडे बघतात. ढोलवाला हात हलका करतो, कारण म्हाताऱ्याचा श्वास कुठे संपतोय ते त्याला दिसतं. मागे सूर धरणारे गायक पाऊलभर मागे सरतात. आवाजाचं जे संतुलन आम्ही नंतर यंत्रावर बटणं सरकवून करतो, ते तिथे माणसं अंतर ठेवून करतात.

आणि उघड्यावर भिंती नसतात. भिंत आवाज परत पाठवते. बंद जागेत कमकुवत गळाही त्यामुळे भरलेला वाटतो. म्हणून तर न्हाणीघरात सगळेच गातात. उघड्यावर आवाज गेला की गेला. गळ्यातून निघालं तेवढंच मायकला मिळतं. सत्तरीच्या गायकाला याहून कठीण परीक्षा नाही. मग त्यांनी ती का दिली?

सेड्रिक मायटन यांचं उदाहरण घ्या. ‘द काँगोज’ या गटाचे हे गायक. १९७७ मध्ये ली ‘स्क्रॅच’ पेरी यांच्या ब्लॅक आर्क या स्टुडिओत त्यांनी ‘हार्ट ऑफ द काँगोज’ हा अल्बम केला. मायटन यांचा आवाज पुरुषाचा असून इतका उंच, की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पेरी यांनी त्या आवाजाभोवती यंत्रांमधून प्रतिध्वनींचं धुकं उभं केलं. आज तो अल्बम रेगेच्या शिखरांपैकी एक मानतात. त्याचं पहिलंच गाणं होतं मासेमारी करणाऱ्या माणसाचं: घरात पोरं उपाशी आहेत, वल्हव, असं सांगणारं. पुढे ते मायटन यांनी या अंगणातल्या मंडळींबरोबर पुन्हा गायलं. धुकं गेलं. उंच आवाज अजून आहे, पण त्याला आता कड आली आहे, कुठे कुठे तो खरवडतो. आणि ऐकताना लक्षात येतं, की तरुणपणीच्या गाण्यात आपण आवाज ऐकत होतो. आता आपल्याला तो कोळी दिसतो.

घासलेल्या गळ्याची थोरवी कोल्हापूरला मी काय सांगावी? शाहू महाराजांनी ज्यांना १८९५ मध्ये दरबारी आणलं, ते अल्लादिया खाँसाहेब. तरुणपणी आमलेटा संस्थानात अति गाण्याने त्यांचा आवाज बसला, आणि परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्या माणसाने काय केलं? गेलेल्या आवाजाची वाट बघत बसले नाहीत. जो आवाज आता आहे, त्याला काय शोभेल, काय पेलेल, याचा विचार करून गायकी नव्याने बांधली. ती वळणदार, पेचदार, जयपूर-अत्रौली गायकी त्यातून घडली. केसरबाई, मोगूबाई या शिष्यांनी ती पुढे नेली. गळा बदलला म्हणून गाणं बदललं आणि बदललेलं गाणं आधीच्याहून मोठं ठरलं, याचं याहून मोठं उदाहरण मला जगात माहीत नाही. ते गाणं पुढे या गावापासून चार-पाच किलोमीटरवर घुमत होतं.

पण त्याच खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीवर येऊ दिला नाही. १९४६ मध्ये ते गेले. ध्वनिमुद्रणाचं तंत्र तोवर हिंदुस्थानात चाळीसहून अधिक वर्षं जुनं झालं होतं. शिष्यांच्या तबकड्या आपल्यापाशी आहेत, गुरूचा आवाज नाही. त्यांचा तो निर्णय होता आणि त्याचा मान राखला पाहिजे. कलावंताला नाही म्हणता यायला हवं, हेही मी त्यात धरतो. पण ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांचं काय?

किडस आय यांची गोष्ट अशीच आहे. १९७८ मध्ये ‘रॉकर्स’ नावाचा चित्रपट आला. रेगेच्या जगावरचा, खऱ्याखुऱ्या वादक-गायकांना घेऊन केलेला. त्यात एका प्रसंगात हा उंच माणूस स्टुडिओत उभा राहून एक गाणं गातो. तो प्रसंग पाहिलेले लोक आजही त्याबद्दल बोलतात. त्यानंतर काय झालं? वर्षानुवर्षं काहीच नाही. गाणी होती, काही तबकड्या होत्या, पण स्वतःच्या नावाचा पूर्ण अल्बम नव्हता. तो मिळाला २००५ च्या सुमारास, साठी उलटल्यावर, चिना स्मिथ यांच्या अंगणात.

आणि आता पैशांचं बोलू. गाण्यांच्या व्याख्यानात पैशांचं बोलणं काहींना रुचत नाही. मला ते टाळणं पाप वाटतं. साठ-सत्तरच्या दशकांत जमैकात पोरगा स्टुडिओत यायचा, गायचा, हातावर ठरावीक रक्कम घ्यायचा आणि जायचा. तबकडी निर्मात्याची. ती लंडनमध्ये विकली, पुन्हा काढली, संकलनात घातली, तरी गाणाऱ्याला त्यातलं काही मिळेलच याची खात्री नव्हती. काळाला साजेसा स्वामित्व हक्काचा कायदा त्या देशात १९९३ मध्ये आला. केन बूथ यांचं एक गाणं १९७४ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. विचार करा, केवढी गोष्ट! आणि पुढच्याच वर्षी ते काढणारी ट्रोजन कंपनी बुडाली.

इथे कायद्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या कलावंतांनाही ती उपयोगी आहे. गाण्यावरचा हक्क वेगळा आणि गाण्याच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा. जुनी तबकडी कंपनीची असेल. पण गायक तेच गाणं आज पुन्हा गातो, तेव्हा ते नवं ध्वनिमुद्रण असतं, आणि त्याचा करार नव्याने, डोळे उघडे ठेवून करता येतो. म्हाताऱ्या गायकाने अंगणात बसून आपली जुनी गाणी गाणं म्हणजे निव्वळ आठवणी काढणं असं आपण समजतो. त्यात हा व्यवहारही आहे. आपल्या कमाईवर पुन्हा हात ठेवण्याचा. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात १९९४ मध्ये सादरकर्त्याचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गायकाला त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मागता येऊ लागला. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाहिरांना, किती भजनी बुवांना हे कुणी सांगितलं आहे?

एक आक्षेप मला टाळायचा नाही. हे अंगण सजवलं कुणी? फ्रेंच कंपनीने. चित्रपट केला कुणी? इंग्रज दिग्दर्शकाने. पांढऱ्या जटांचे म्हातारे, हिरवे डोंगर, लाकडी व्हरांडा. युरोपातल्या श्रोत्याला जे बघायला आवडतं, तेच त्याच्यापुढे मांडलं, असं कुणी म्हणू शकतं. क्यूबातल्या वृद्ध वादकांचा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ १९९७ मध्ये गाजला, तेव्हाही असंच बोललं गेलं. आक्षेपात तथ्य आहे. जमैकातली तरुण पोरं तेव्हा डान्सहॉल या नाचाच्या संगीताच्या, संगणकावर बनवलेल्या तालांवर नाचत होती. या म्हाताऱ्यांकडे त्यांच्याच गावाचं लक्ष नव्हतं. पण मी उलट विचारतो: त्यात दोष फ्रान्सचा, की लक्ष न देणाऱ्या गावाचा? बाहेरचा माणूस मायक घेऊन येईपर्यंत आपण वाट बघायची का?

हा प्रश्न मी जमैकाला विचारत नाही.

आपल्याकडे काय झालं, ते बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ. एक पुण्याच्या, दुसरे मूळचे फ्रान्सचे आणि पुढे पुण्याचेच झालेले. या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यात सुरुवात करून हजाराहून अधिक गावांत, तीन हजारांहून अधिक बायकांकडून, लाखाहून अधिक ओव्या. पुढे त्यांचे सहकारी बर्नार्ड बेल यांनी शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. कुठे केलं? घरात, ओसरीवर, अंगणात. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या मंडळींनी हा ठेवा लोकांपुढे आणायला घेतला आणि जुन्या ध्वनिफितींमधल्या बायकांच्या दारी पुन्हा जाऊन, त्या म्हाताऱ्या झाल्या असताना, त्यांच्याकडून त्या ओव्या पुन्हा ऐकल्या. माझ्या माहितीत जमैकाच्या अंगणाच्या सगळ्यात जवळचं मराठी काम हे आहे.

त्या ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर ऐका. तंत्रज्ञ म्हणून माझा हात आधी ती कमी करायला गेला असता. पण ती कमी केली की ओवी लंगडी होते. जात्याचा एक फेरा, एक चरण. वरचा दगड जड झाला की शब्द ओढला जातो. मूठभर दाणे घालताना हात थांबतो, तिथे आवाजही किंचित अडतो. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती उचलली गेली, आणि बायका बसल्या बसल्या ओवी म्हणू लागल्या, तरी हा अडखळ काहींच्या गळ्यात राहिला. हातात काही नाही, समोर दगड नाही, तरी श्वास तिथेच. शरीराने शिकलेलं गाणं असं असतं. जमैकाचे हे गायक डोळे मिटून गाताना मला त्या बायका आठवतात. दोघांच्याही गाण्याखाली राबण्याची एक जुनी लय आहे.

मग आपले शाहीर? विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपुरात रंगमंचावरच कोसळले आणि गेले. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर १९१५ च्या. पद्मश्री मिळाली तेव्हा ९६ वर्षांच्या होत्या. बैठकीची लावणी म्हणजे बसून, चार माणसांपुढे, नजरेने आणि बोटाने शब्दाची उकल करत करायची अदा. तिला मोठा स्पीकर काय करणार? आपल्या कोल्हापूरने पिराजीराव सरनाईकांसारखा शाहीर दिला. अशा माणसांचं जे काही तबकडीवर आलं, ते तबकडीच्या मापाने आलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांत संपायची. पोवाडा साडेतीन मिनिटांत संपतो का? डफाचा पहिला हात पडून गर्दी शांत व्हायलाच तेवढा वेळ लागतो. कापून, आटपून जे उरलं, त्यालाच आपण त्यांचं गाणं समजतो.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी बावड्यातच मांडायला आलो आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या गाणाऱ्यांनी त्यांची गाणी पुन्हा गावीत, त्यांच्या आजच्या गळ्याने, त्यांच्या स्वतःच्या दारात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरी ढोल वाजतात, तिथे ओव्या गाणारे म्हातारे आहेत. जोतिबाच्या वाटेवर गाणारे आहेत. वाघ्या-मुरळी आहेत. हलगी-घुमक्याचे वयस्क वादक आहेत. एकेकाळी भजनाच्या स्पर्धा गाजवलेले आणि आता घरातल्या घरात गुणगुणणारे बुवा याच गावात असतील. आणि त्यांच्या शेजारी पोरं बसवा. जमैकातल्या त्या व्हरांड्यात होती तशी. पोरगा मागचा सूर धरायला शिकला, की म्हाताऱ्याचा श्वास कुठे संपतो हे त्याला कळतं. तेवढंच शिक्षण पुरेसं आहे.

खर्च फार नाही. दोन बरे मायक, वाऱ्यासाठी त्यांना फरची टोपी, एक रेकॉर्डर आणि कानाला चांगले हेडफोन. वेळ पहाटेची घ्या. ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत, वारा पडलेला असताना. पंचगंगेच्या काठी, राजाराम बंधाऱ्याच्या अंगाला करायचं असेल तर पाणी उतरल्यावर, थंडीत; पावसाळ्यात तिथे पाण्याच्या आवाजापुढे गळा टिकत नाही. पक्षी ओरडले तर ओरडू द्या. नातू मध्येच आजोबांच्या मांडीवर येऊन बसला तर बसू द्या. पण गाणं मध्येच थांबवू नका. साडेतीन मिनिटांचं घड्याळ आता कुणाच्या हातात नाही.

कोणतं गाणं गायचं, ते गाणाऱ्याने ठरवावं. लोकांना आवडतं म्हणून चार प्रसिद्ध गाणीच मागू नका. त्याने कधीच कुणापुढे न गायलेलं एखादं असेल, ते विचारा. ध्वनिमुद्रण झाल्यावर त्यालाच आधी ऐकवा. नको म्हणाला तर पुसून टाका, खाँसाहेबांचं स्मरण करून. मानधन त्याच दिवशी द्या. आणि करार करा. मराठीत, एका पानाचा, मोठ्या अक्षरात. त्यात लिहा, की हे गाणं कुणी कुठे विकलं, जाहिरातीत वापरलं, तर गाणाऱ्याचा वाटा किती आणि त्याच्यामागे तो कुणाला मिळेल. सही झालेली प्रत त्याच्या घरात राहू द्या, आपल्या कपाटात नव्हे.

माझ्याकडे मायक आहेत, रेकॉर्डर आहे, आणि वेळही आहे. गाणाऱ्यांची नावं आणि घरं मात्र तुम्हाला माहीत आहेत. कार्यक्रम संपल्यावर मी इथेच, व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, वही घेऊन बसणार आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या आजोळी, तुमच्या शेतावर कुणी गाणारं असेल, तर नाव सांगा, आणि आधी त्यांना विचारून मग सांगा.